पुठ्ठ्यावरचा तिसरा चाकू

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो. जुना म्हणजे चार वर्षांचा. माझ्या किमतीच्या चाकूंमध्ये एवढी वर्षं निघाली की वयोवृद्ध म्हणतात.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका यंत्राने मला पोलादाच्या पट्टीतून कापलं, दुसऱ्याने धार लावली, तिसऱ्याने हिरवी प्लास्टिकची मूठ बसवली. मग आम्हा तिघा भावांना एका पुठ्ठ्यावर बांधलं. पुठ्ठ्यावर छापलं होतं, ‘घरात, बागेत, सहलीला’. तिघांपैकी सहलीला कोण जाणार हे छापलं नव्हतं, त्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून एकमेकांकडे संशयाने बघत होतो.

आम्हाला सूनबाईंनी विकत घेतलं. त्या एका रोपवाटिकेत कलमं बांधायच्या. घरी त्यांचा नवरा, धंद्याने वायरमन, आणि सासूबाई, म्हणजे आजी.

“तीन? एवढ्याशा पैशात तीन?” आजी म्हणाल्या. “चोरीचे असणार.”

“सेल होता, आई.”

“मग चोरानेच लावला असेल सेल.”

“पातं जरा जास्तच चकचकतंय,” वायरमन म्हणाला. “चकचकणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही.” मित्रांनो, हे गृहस्थ दिवसभर लोकांकडे दिवे बसवायचे.

थोरला भाऊ वायरमनच्या पिशवीत गेला, मधला रोपवाटिकेत. मी स्वयंपाकघरात राहिलो. टोमॅटो असा कापायचो की त्याला कळायचंही नाही. कौतुक व्हायला हवं होतं. झाली परीक्षा.

आधी आजींनी, घरात कोणी नाही हे बघून, माझ्या पात्याने पत्र्याचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी वायरमनने दार लोटून घेतलं आणि मला वापरून तांब्याची तार कापली. सूनबाई समंजस वाटल्या होत्या. त्यांनी मला फरशीवर घासलं आणि कान लावून आवाज ऐकला. का, ते मला अजून कळलेलं नाही. तिघांनीही एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. आठवड्याभरात मी कांद्यावरून घसरायला लागलो.

“बघा, मी म्हटलंच होतं,” तिघेही म्हणाले.

मग माझी रवानगी संपलेल्या बॅटरी-सेलच्या खणात झाली. अधूनमधून खोकी फोडायला मला बाहेर काढायचे. चिकटपट्टीचा डिंक पात्यावर बसला. पुसायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मागच्या दारी एक लिंबाचं झाड होतं. आजोबा होते तोवर आजी त्यांच्याशी भांडायच्या. ते गेल्यावर आजींनी हे झाड लावलं आणि रोज सकाळी त्याच्याशी भांडायला लागल्या. “नुसता वाढतोयस. फळं कुठे लपवलीस?”

एकदा सूनबाई माहेरी गेल्या असताना वादळात ते झाड मुळासकट पडलं. आजी पायरीवर बसून राहिल्या. दोन दिवस त्यांनी कशावरच संशय घेतला नाही. दूधवाल्यावरसुद्धा नाही. जेवणही धड करेनात. वायरमन घाबरला आणि त्याने बायकोला बोलावून घेतलं.

सूनबाई आल्या तशा झाडाशी वाकल्या. सगळं मोडून सुकलं होतं, एकच काडी हिरवी होती. “आजच्या आज कलम केलं तर जगेल,” त्या म्हणाल्या. कुंडीत लिंबाचं एक रोपही तयार होतं. पण रोपवाटिकेला सुट्टी, मधला भाऊ कुलपात. थोरल्याचं टोक स्क्रू काढता काढता मोडलेलं. राहिलो मी.

“हा?” वायरमन म्हणाला. “याने साधा कांदा कापला जात नाही. पहिल्यापासून बोथट.”

पायरीवरून आवाज आला. “पहिल्यापासून नाही. डबा उघडला होता मी त्याने.”

“मी तार कापली होती,” वायरमन जमिनीकडे बघत म्हणाला.

“फरशीवर मी घासला,” सूनबाई म्हणाल्या. “आता कप आणा एक.”

त्यांनी माझा डिंक खरवडला, मला गरम पाण्याने धुतलं आणि उपड्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासायला घेतलं. कपावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण धार आली.

काडी एकच, म्हणजे संधी एकच. मी जरा अडखळलो तर साल फाटणार. आजी पायरीवरून उठून जवळ आल्या होत्या. सूनबाईंनी काडी बोटांत धरली. एका बाजूने एक काप, दुसऱ्या बाजूने एक. काडीच्या टोकाची गुळगुळीत पाचर झाली. रोपाचा शेंडा उडवून मी खोडाला मधोमध चीर दिली, त्यात काडी बसली. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधली.

एकविसाव्या दिवशी काडीला दोन हिरवे ठिपके फुटले. आजी चष्मा लावून कुंडीवर वाकल्या.

“हे आमच्याच झाडाचं कशावरून?” त्या म्हणाल्या. “हिने बदललं तर नसेल?”

वायरमन स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आला. त्या सकाळी आजी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

मित्रांनो, स्वस्त चाकू घेतलात तर त्याची परीक्षा जरूर घ्या. पण टोमॅटोवर, आणि एकदाच. काम झालं की धुवा, पुसून कोरडा करा, धार गेली तर लावून द्या. डबा उघडायला ओपनर घ्या. आणि चाकू बिघडला असं वाटलं, तर आधी घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवून विचारा.