सॉस कोणी केला

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत शाळेत माझा आवाज फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचा. मग वर्गशिक्षिकेने मला वक्तृत्व स्पर्धेत बळेच उभं केलं. आणि मी चक्क पहिली आले. त्या दिवशी जो बांध फुटला तो फुटलाच. जेवताना, वेणी घालताना, अगदी न्हाणीघरात दार लावून घेतल्यावरसुद्धा माझी बडबड चालू. दादाने माझं नाव भोंगा ठेवलं. बाबांना मात्र कोण कौतुक. ते म्हणायचे, "बोलू दे रे तिला. पंधरा वर्षांचं साठलंय."

बाबा माझ्या आत्याच्या हॉटेलात स्वयंपाकी. हॉटेल म्हणजे नऊ टेबलं आणि मागे एक अरुंद स्वयंपाकघर. आत्या बाबांची थोरली बहीण. पुढच्या महिन्यात ती दुसरं, मोठं हॉटेल उघडणार होती आणि तिथलं सगळं स्वयंपाकघर बाबांच्या हाती देणार होती. या एका गोष्टीसाठी बाबा वीस वर्षं शेगडीपुढे उभे होते म्हटलं तरी चालेल. नवीन ओट्याची उंची किती हवी, याची चित्रंसुद्धा त्यांनी माझ्या भूमितीच्या वहीच्या मागे काढून ठेवली होती.

पण चार महिन्यांपूर्वी बाबांना ताप आला होता. तो गेला आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळायचं. बाकी सगळं, ते म्हणायचे, ओला पुठ्ठा चावल्यासारखं. हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि तेही योगायोगाने. एकदा दूध तळाला लागलं होतं, मला खालच्या जिन्यातच वास आला, वर येऊन बघते तर बाबा पातेल्याच्या शेजारी शांतपणे कांदा चिरत उभे.

"आईला बोलू नकोस," ते म्हणाले. "ताईला तर नाहीच. येईल परत."

परत काही आलं नाही. घरी मी त्यांचं नाक झाले. हॉटेलात मी नसायचे. पंधरा दिवसांपूर्वी तिथे करपलेलं सूप टेबलावर गेलं आणि दोन गिऱ्हाइकांनी ते परत पाठवलं. आत्याला वाटलं, भाऊ दमलाय.

रविवारी हॉटेलला सुट्टी असते, म्हणून आत्या दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येते. त्या रविवारी बाबांनी दुपारी चारलाच मला स्वयंपाकघरात बोलावलं. चिकन घालून भाजलेला पास्ता करायचा होता, भरपूर क्रीम आणि वर चीज. हा त्यांचा हातखंडा.

"आज नाकाने लक्ष दे," ते म्हणाले. "आज महत्त्वाचं आहे."

"नाक सज्ज आहे, सेनापती."

"आणि तोंड जरा कमी."

मी चिकन हुंगलं. ताजं होतं. क्रीम हुंगलं, चांगलं होतं. बाबांनी चिकनचे तुकडे लसणावर परतून बाजूला काढले. मग लोण्यावर मैदा टाकला आणि हलवायला लागले.

"कच्चा येतोय का?"

"येतोय अजून."

"आता?"

"आता बिस्किटासारखा येतोय."

त्याबरोबर त्यांनी दूध ओतलं, थोडं थोडं, एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्याने घोटायचं. एक गुठळी झाली नाही. मिरी, चिमूटभर जायफळ, क्रीम. पास्ता त्यांनी मुद्दाम दोन मिनिटं कमी शिजवला होता, ओव्हनमध्ये तो उरलेलं पाणी पितो म्हणून. काचेच्या भांड्यात सगळं एकत्र केलं, वर चीज आणि पावाचा चुरा. मी ओव्हनपुढे स्टूल टाकून बसले आणि कडेचं चीज खमंग झाल्याचा वास आला तसं सांगितलं. म्हणजे मी काय केलं? हुंगलं. एवढंच.

जेवायला आम्ही पाच जण होतो. वरचा पापुद्रा कर्रकन मोडला, आतून वाफ आली, आणि सगळ्यांनी ताटल्या पुढे केल्या.

आत्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "काय झालाय रे हा," ती बाबांना म्हणाली. "सॉस तर नुसता रेशमासारखा. सुपाच्या त्या भानगडीनंतर मला जरा धास्तीच वाटत होती. पण तुझा हात आहे तसाच आहे."

"आहे ना," बाबा म्हणाले. ते खूश दिसत होते आणि थोडे घाबरलेलेही. पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवत होते.

"बाबांनीच केलाय सगळा?" दादाने विचारलं. "भोंगा पण होता ना आत चारपासून? चमचे मोजत होता वाटतं."

सगळे हसले. मला ते झोंबलं. सभागृहभर टाळ्या घेतलेल्या मुलीने चमचे मोजले म्हणे.

"सॉस मीच केलाय," मी म्हणाले.

"हो का? आणि मी ओव्हन बनवला."

"खरंच मी केलाय. बाबांना कसा जमणार? चार महिने झाले, त्यांना वासच येत नाही. मी नसते तर हे सगळं करपून गेलं असतं."

मी ते स्पर्धेतल्यासारखं म्हटलं. शब्द स्पष्ट, मान ताठ, शेवटच्या वाक्याआधी थोडं थांबून.

कुणी हसलं नाही. आईने चमचा ताटलीत ठेवला. आत्या बाबांकडे बघत होती.

"चार महिने?"

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हो," ते म्हणाले.

"मग ते सूप?"

"हो, ताई."

"आणि हा पास्ता पोरीने केलाय?"

आता बाबा सांगतील असं मला वाटलं. मैदा कुणी भाजला, दूध कुणी ओतलं, सगळं सांगतील. मी वाट बघत होते. ते म्हणाले, "मदत झाली तिची पुष्कळ."

"मला नाही सांगितलंत," आई हळूच म्हणाली. "शेजारी झोपते मी."

आत्या पाणी प्यायली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "नवीन हॉटेलचं राहू दे सध्या," ती म्हणाली. "मला शंभर माणसांना खाऊ घालायचंय. उद्यापासून तू बाहेरची टेबलं बघ. तुला दुखवायचं नाही मला."

"कळतं गं मला," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी भांडी बाबांनी घासली. मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले.

"मी आज सांगणारच होतो तिला," ते नळाकडे बघत म्हणाले. "जेवण झाल्यावर. म्हणून तर हा घाट घातला. आधी खाऊ दे, मग म्हणणार होतो, ताई, नाक दुसऱ्याचं होतं, हात माझा. स्वयंपाकघरात एक माणूस नुसता हुंगायला उभा केला तरी माझं भागेल. पटलंही असतं तिला कदाचित."

"मग बोलला का नाहीत? सॉस तुम्हीच केला म्हणून?"

त्यांनी भांडं पालथं घातलं. "चारचौघांत तुला खोटं पाडू? आत्ता कुठे बोलायला लागलीयेस."

मी ताटली पुसत राहिले. ती केव्हाची कोरडी झाली होती.

आई नंतर म्हणाली की झालं ते बरंच झालं, उद्या कुणाच्या पोटात नासकं गेलं असतं तर? दादाही तेच म्हणाला. बरोबर असेल. पण मी काही लोकांच्या पोटाची काळजी म्हणून बोलले नव्हते.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी हॉटेलात गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवली होती. आत्या दाराजवळच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"आत्या, मी खोटं बोलले. सॉस बाबांनी केला. सगळंच बाबांनी केलं. मी फक्त वास घेऊन सांगत होते."

तिने मला जवळ ओढून बसवलं. "बस. दमलीस का?"

"मी खरं सांगतेय. मैदा त्यांनी भाजला, दूध त्यांनी ओतलं, पास्ता दोन मिनिटं कमी..."

"बापाचं बघून बघून पाठ झालंय तुला." तिने माझे केस मागे सारले. "गुणाची आहेस. बापाची बाजू घेतेस, घ्यावीच मुलीने. पण मी त्याला त्याच वेळी विचारलं होतं ना? तो नाही म्हणाला नाही."

"ते माझ्यासाठी गप्प बसले."

"बरं," आत्या म्हणाली, अगदी मायेने. माझ्या एका शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता. मी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने, मुद्देसूद. तिने मटाराचे दाणे माझ्या हातावर ठेवले. "खा. नवीन स्वयंपाकी कालच आलाय. त्यालाच तिकडे पाठवणार आहे. आता ते मागे नाही घेता येत, बाळा."

तेवढ्यात बाबा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पाण्याचा जग. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबल पुसलं आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "काय घेणार?"

"काही नको."

"भूक लागली असेल. पास्ता आहे आज."

ते आतून ताटली घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी एक घास घेतला. सॉसमध्ये गुठळ्या होत्या आणि मैदा कच्चा होता, बिस्किटापर्यंत पोचलाच नव्हता.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमच्यासारखा नाही," मी म्हणाले.

"हळू बोल," बाबा म्हणाले आणि आतल्या दाराकडे बघितलं. "त्याचा दुसराच दिवस आहे. ऐकू जाईल त्याला."