ओढ्यापल्याडची पणजी

शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर येऊन दहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कोडोलीची नजीरा काकणांची टोपली डोक्यावर घेऊन लग्नसराईत वाड्यावस्त्या फिरायची. त्या वैशाखात वरल्या वाडीतल्या लग्नघरी ती काकणं भरायला बसली. मान थोरल्या बाईचा, म्हणून पहिला हात पुढं आला तो अंबूबाईचा. वय पंच्याऐंशी. नवरा केरबा सोप्यात शेंगा फोडत बसलेला. तिच्यामागून सुनेनं हात दिला, मग नातसुनेनं, आणि शेवटी नवरी झालेल्या पणतीनं.

तिथून ओढा ओलांडून नजीरा खालच्या वाडीत गेली. अंतर हाकेचं, पण दोन्ही वाड्यांचा बाजार वेगळा, सोयरीक नाही, त्यामुळं येणंजाणंही नाही. तिथंही लग्न होतं.

"थोरल्या बाईला आधी बसवा," नजीरा म्हणाली.

आक्का पुढं आली. केस काळेभोर, दात सगळे शाबूत.

"तू न्हवं गं. सासू, आजेसासू कुणी असंल की."

"मीच थोरली. मोठ्या दुष्काळात धा वर्साची हुते मी. माझ्याहून थोरलं मानूस ह्या वाडीत न्हाय, ना बाई, ना बाप्या. तापानं जात्यात, न्हायतर हगवणीनं."

मोठा दुष्काळ पडून अठ्ठावीस वर्षं झालेली, म्हणजे ही जेमतेम अडतीसची. नजीरा बघतच राहिली. "अगं, पल्याड पंच्याऐंशीची बाई हाय. आत्ता तिला काकणं भरून आले की मी!"

बायका खो खो हसल्या. आक्का मात्र उठून उभी राहिली. "दाव मला."

नजीरा तिला ओढा ओलांडून घेऊन गेली, तेव्हा अंबूबाई उंबऱ्यात बसली होती. आक्का तिच्यासमोर उकिडवी बसली.  मग देवीच्या मुखवट्याला लावावा तसा तिनं त्या सुरकुतल्या गालाला हात लावला.

"आजी, मानूस एवढं ऱ्हातंय?"

"माझी आई माझ्याहून म्हातारी हून गेली."

"माझी तिशीत गेली," आक्का हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मानसाला तेवढंच असतंय."

 अंबूबाईनं तांब्याभर पाणी पुढं केलं. घरामागं कातळातून झरा वाहत होता, त्याचं ते पाणी. खालची वाडी ओढ्याच्या डोहातलं पाणी प्यायची. म्हशीही त्यातच डुंबायच्या.

"ह्ये मला न्यायाला द्याल?" आक्कानं विचारलं.

"डोंगराचं पानी हाय, माझ्या बाचं न्हवं," केरबा म्हणाला. "रोज ये."

आक्का रोज चढ चढू लागली. "आक्काला मरायचं न्हाय वाटतं!" म्हणून बायका टोमणे मारायच्या. दोन वर्षांनी पटकीची साथ आली. वाडीतली सतरा माणसं गेली, पण आक्काच्या घरातलं एकही नाही. त्यानंतर कुणी टोमणा मारला नाही. सकाळी घागरींची रांगच डोंगर चढू लागली.

पुढं कैक वर्षांनी आक्काच्या नातवाला मुलगा झाला. पणजीनं पणतवंडाचं तोंड बघितलं की तिच्यावर फुलं उधळायची असतात, असं कुणीतरी कुठंतरी ऐकलं होतं. पण कशी, कुणाच्या हातानं, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथं कधी कुणी पणजी झालंच नव्हतं. तेव्हा तिघी बायका विचारायला वरल्या वाडीत गेल्या, आणि तोवर आक्का बाळाला मांडीवर घेऊन अंगणात पाटावर बसून राहिली.