पाळी लांबवायच्या गोळ्या

महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी इलाची आई हिंगणघाटच्या घरी मागच्या ओट्यावर पुरणाचं पातेलं घासत होती. ओठ पांढुरके पडले होते, जीभ मात्र तिखटच होती.

"सोळा भाज्या केल्या, एकीतही मीठ जास्त नाई. नाईतर आमची कमला! जेवणारा पाणी पिऊनच उठते."

"ऐकून राह्यली मी," धाकटी जाऊ कमला आतून ओरडली. दोघी हसल्या.

इला हसली नाही. आईच्या गर्भपिशवीत गाठी होत्या. पाळी दहा-दहा दिवस चालायची. सणात बाजूला बसावं लागू नये म्हणून आईनं डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून घेतल्या होत्या. कालपासून त्या बंद केल्या होत्या.

"सोमवारी दवाखान्यात जाऊ," इला हळूच म्हणाली. "पिशवी काढाच लागते असं नाई. दुर्बिणीनं नुसत्या गाठी काढतात. नाईतर मनगटातून, जांघेतून बारीक नळी घालून गाठीचं रक्तच बंद करतात. काय चालते ते तपासून सांगतीन."

"तुह्ये बाबा विचारतीन, काऊन चालली, तं काय सांगू? माणसाईत बोलाची गोष्ट हाये का ही?"

बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. इला वाचनालयात काम करायची. दिवसभर लोकांना पुस्तकं सुचवायची. त्या दिवशी तिला चार पावलं पलीकडे जाऊन एक वाक्य बोलता आलं नाही.

दोन दिवसांनी रक्त सुरू झालं, ते थांबेना. आईनं दीड दिवस लपवलं. न्हाणीत कोसळली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

तेरवीच्या पंगतीत मधुकरकाका, म्हणजे कमलाकाकूचे यजमान, येईल त्याला सांगत होते, "अटॅक आला वहिनीले. झटक्यात गेली."

स्वयंपाकघरात काकू हातात भाताची परात घेऊन भिंतीला टेकून उभी होती. इलानं दंड धरला तशी ती पुटपुटली, "मलेही तसंच जाते, तीन वर्षं झाले. त्याच गोळ्या घेऊन राह्यली. पंगत वाढाची होती नं. कोणाले सांगजो नको."

इलानं तिच्या हातातली भाताची परात काढून घेतली, खाली ठेवली आणि पंगतीसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, अटॅक नव्हता. आईले गाठी होत्या. पाळीच्या रक्तानं गेली ती."

घास थांबले.

"इला, माणसं जेवून राह्यली," काका दबक्या आवाजात म्हणाले.

"जेवू द्या नं. ऐकत ऐकत जेवतीन."

दारात काकू येऊन उभी राहिली होती. पदर सावरत ती नवऱ्याला म्हणाली, "मलेही उद्या दवाखान्यात न्या. तेच हाये."

पंगतीच्या टोकाला बसलेले बाबा इलाकडे पाहत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन बसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उपाय होता, बाबा. मले माहीत होता. तुमच्यासमोर पाळी म्हणाची लाज वाटली, म्हणून मी गप्प बसली."