बिनवाफेचा पेला

"वाफ नको." पानाच्या समासात सेन्सेईंनी निळ्या पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं.

अकरा वर्षं मी त्सुकिओका सेन्सेईंच्या मांगा चित्रकथेत इवागोरो काढतेय. काळ्या कड्याच्या आखाड्याचा कपटी मालक कुरोगामे, आणि त्याच्या दारात कायम उभा असलेला त्याचा इमानी गुंड हा इवागोरो. नायकाचे नाकडोळे सेन्सेई स्वतः काढतात, इवागोरो माझ्याकडे. मोडकं नाक, डाव्या कानाचा तुकडा उडालेला, बैलाची मान. दर आठवड्याला कुणाचा तरी मार खातो आणि उठून आधी धन्याच्या चपला सरळ करून ठेवतो. मी लग्न केलं नाही, पण कुणाच्या तब्येतीची काळजी केली असेल तर याच्याच.

संशय तीन आठवड्यांपासून होता. आधी सेन्सेईंनी त्याला आई दिली. मग बर्फातलं बालपण. गेल्या अंकात तो पहिल्यांदा हसला. खलनायकाच्या माणसाचे एवढे लाड उगाच होत नाहीत.

आणि आज सेन्सेईंनी माझ्यासाठी भाजलेल्या उनागी माशाचा डबा आणला. महागातला.

"नाकागोमे-सान, हे कशाबद्दल हो?" शेजारी छपरं आणि भिंती काढत बसलेल्या नाकागोमेंना मी विचारलं.

"खा की मुकाट्यानं. तुम्हाला कुणी फूल दिलं तरी तुम्ही आत मधमाशी शोधाल."

पानावर कुरोगामे स्वतःच्या हातानं इवागोरोचा पेला भरत होता. अकरा वर्षांत कधी भरला नव्हता.

"बढती मिळतेय बिचाऱ्याला," नाकागोमे म्हणाले.

"मग वाफ का नको? कुरोगामे गरम साकेशिवाय दुसरी दारू पीत नाही. शेकडो वेळा काढलीय मी ती वाफ."

नाकागोमेंची पेन्सिल थांबली. मरायला निघालेल्या माणसाला निरोप देताना साके पीत नाहीत, दोघं पाणी पितात, ही जुनी रीत त्यांनाही माहीत होती. काळ्या शाईत पाणी आणि साके सारखंच दिसतं. फरक काय तो वाफेचा.

मी उठून सेन्सेईंच्या टेबलाशी गेले. "पेल्यात काय आहे?"

"तुम्ही काढा हो, कामेदा-सान." त्यांनी मान वर केली नाही. "उनागी खाल्लीत का?"

आता तर खात्रीच झाली. डबा तसाच ठेवला, बारीक निब घेतलं आणि इवागोरोच्या पेल्यावर वाफेची एक रेघ ओढली.

सेन्सेईंनी पान खिडकीशी नेलं. "एकाच पेल्यातून वाफ? वाचक म्हणतील, धन्यानं विष घातलं."

"मग दुसऱ्यातूनही काढते."

"समासात काय लिहिलंय?"

"वाचलं मी. पण त्याच्या आईला तुम्ही अजून नावसुद्धा दिलेलं नाही. आणि तिला रडवायला निघालात."

सेन्सेईंनी पांढऱ्या शाईची बाटली उघडली. ब्रश बुडवला, माझ्या रेघेवर आणून धरला. नाकागोमे उगाच खोकले.

ब्रश बाजूला सरकला आणि कुरोगामेच्या बाहीवरचा एक डाग पुसून परत बाटलीत गेला.

"पुढची एकोणीस पानं परत काढायची," सेन्सेई करवादले. "संपादकांना फोन तुम्ही करा. मी घरी नाही म्हणावं."

"बरं."

दुसऱ्या पेल्यावर वाफ काढली. मग डबा उघडला. उनागी गार झाली होती. सगळी संपवली.