आपलं दूध कुठलं

दुकानातल्या काचेच्या फ्रीजसमोर रंगारी उभा होता, त्याला पाव तास तरी झाला असेल. दार उघडंच होतं आणि गारव्याने हातावर काटा आला होता. समोर आठ तऱ्हांचं दूध होतं. पिशवीतलं, खोक्यातलं, निळ्या झाकणाचं, लाल झाकणाचं, कमी चरबीचं, बिनचरबीचं आणि कोपऱ्यात काचेच्या तीन बाटल्या.

पांढरा म्हटलं की लोकांना एकच रंग वाटतो. रंगाऱ्याला पांढरे बावीस ठाऊक होते. कुठला दोन वर्षांत पिवळा पडेल, कुठला ओल्या भिंतीवर फुगेल, हे तो नुसतं बोटाला लावून सांगायचा. पण दुधातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"अहो दादा, दार लावा की," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "सगळी थंडी बाहेर घालवलीत."

त्याने दार लावलं आणि तो गल्ल्याशी आला. "ताई, माझी बायको कुठलं दूध न्यायची, आठवतं का? उंच होती. हिरवी छत्री असायची."

"असायची म्हणजे?"

"गेली ती. सहा आठवडे झाले."

बाईचा हात गल्ल्यावरच राहिला. "मला दुकान घेऊन महिनाच झालाय हो," ती हळू आवाजात म्हणाली. "आधीच्या मालकांना माहीत असेल, पण ते गाव सोडून गेले."

त्याची अडचण अशी होती. त्याची मुलगी ठमी सहा वर्षांची. जेवायची चिमणीएवढं, पण सकाळ-संध्याकाळ दोन मोठे पेले दूध प्यायची आणि त्यावरच तिचं निभायचं. आई गेल्यावर चार दिवस शेजाऱ्यांनी सगळं बघितलं. मग दूध आणायचं काम त्याच्यावर आलं, आणि तेव्हापासून ठमी एक घोट घ्यायची नि पेला सरकवून द्यायची. "हे आपलं दूध नाही," म्हणायची. शाळेतल्या नर्सने चिठ्ठी पाठवली, मुलीचं वजन दीड किलोने उतरलंय. ती चिठ्ठी त्याने सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली, आणि वाचता वाचताच आपण काय करून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. सासूबाई म्हणाल्या, "रविवारी येते. असंच असेल तर पोरीला माझ्याकडे घेऊन जाते. तुम्हाला दोष देत नाही, पण तिला असं वाळू देणार नाही."

आणि आपलं दूध म्हणजे कुठलं, हे त्याला माहीत नव्हतं. नऊ वर्षं तो फ्रीज उघडायचा आणि दूध असायचं. कशात असायचं, तेही त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं.

"काचेची बाटली असायची का?" बाईने विचारलं.

"असेल. नाही... पिशव्याही धुऊन वाळत टाकलेल्या आठवतात."

"मग हे न्या." तिने कोपऱ्यातली बाटली काढली. "सेंद्रिय आहे. होमोजिनाइज न केलेलं."

"म्हणजे काय?"

"सेंद्रिय म्हणजे गाईंच्या चाऱ्याला औषधं मारत नाहीत. आणि दुसरं म्हणजे साय फोडून दुधात मिसळून टाकत नाहीत. ती आपली आपण वर येते."

"हे चांगलं असतं?"

"चांगलं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जे नेतात ते."

त्याने बाटली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाटलीच्या गळ्याशी पिवळट, जाड बूच धरलेलं. तेलरंगाचा डबा बरेच दिवस पडून राहिला की असाच पापुद्रा धरतो, आणि तो कधी ढवळायचा नसतो. ढवळला की भिंतीवर गाठी उमटतात. कडेने पातं फिरवायचं, पापुद्रा अख्खा उचलून टाकायचा आणि खालचा रंग कापडातून गाळून घ्यायचा. वीस वर्षं त्याचे हात हेच करत आले होते. साय वर येते, हे बाईने सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. पण साय म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे तापवलेल्या दुधावरची पातळ, सुरकुतलेली साय आली होती. हे बूच त्याला खराबी वाटली. त्याने पातळ सुरी फिरवून ते उचललं, कचऱ्यात टाकलं, दूध स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळलं आणि पेला ठमीपुढे ठेवला.

ठमीने घोट घेतला. "बाबा, यात पाणी घातलंस?"

"नाही गं. एक थेंब नाही."

"मग गाईने घातलं असेल," ती म्हणाली आणि तिने पेला सरकवला.

बाटलीच वाईट निघाली, असं समजून त्याने दुसरी आणली, मग तिसरी. प्रत्येकीत पापुद्रा होता. तो प्रत्येक वेळी आणखी काळजीने काढायचा. कामावर परांची बांधताना जोडीदार म्हणाला, "दूध ते दूध. नाक दाब आणि पाज." रंगाऱ्याने त्याच्याकडे असं बघितलं, की जोडीदार मुकाट्याने दुसऱ्या खोलीत रंग लावायला गेला.

शुक्रवारी तो रिकाम्या बाटल्या घेऊन दुकानात गेला. "ताई, हेही चालत नाही. आणि माल जुना येतोय तुमच्याकडे. रोज वरची घाण काढावी लागते."

"कसली घाण?"

त्याने सुरी, फडकं, कचऱ्याचा डबा, सगळं सांगितलं. बाईला आधी हसू फुटलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते आवरलं.

"दादा, ती साय होती. दुधाचा सगळा जीव त्यातच. बाटली हलवायची आणि प्यायचं."

"ढवळायचं?" त्याला पटेना. "वर आलेलं परत आत घालायचं?"

"हो."

"मग कंपन्या मिसळतात, ते वाईट कसं? आणि आपण हलवतो, ते चांगलं कसं?"

बाईने रिकाम्या बाटल्या गल्ल्याखाली ठेवल्या. "आता तुम्ही माझंही डोकं फिरवू नका," ती म्हणाली. "हलवा आणि द्या."

शनिवारी त्याने बाटली हलवली. ठमीने तीन घोट घेतले. तो श्वास धरून बघत राहिला. चौथ्याला ती थांबली.

"हेही आपलं नाही?"

"नाही वाटत."

"मग आपलं कसं होतं? गोड होतं? घट्ट होतं? सांग ना, तसं शोधतो."

ठमी पेल्यात बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "मला आठवत नाही," ती म्हणाली. "आधी आठवायचं."

त्याने तिला मांडीवर घेतलं. आठवणारा त्या घरात आता कोणीच उरला नव्हता. तो इतके दिवस ते दूध तिच्या भरवशावर शोधत होता आणि ती त्याच्या.

रविवारी उजाडताच तो दुकानात गेला आणि चार प्रकारचं दूध घेऊन आला. गिऱ्हाइकाला रंग ठरवता येत नाही, तेव्हा तो भिंतीवर चार पट्टे ओढतो, प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घालतो आणि म्हणतो, उजेडात बघा नि सांगा. त्याने सारखे चार कप मांडले आणि ओतायला सुरुवात केली. तेवढ्यात घंटा वाजली. सासूबाई आल्या होत्या.

त्या आत आल्या, ठमीचा दंड चिमटीत धरून बघितला आणि टेबलाकडे वळल्या. "हा काय बाजार मांडलाय?"

"आई, पाच मिनिटं बसा. ठमे, सगळ्यांतला एकेक घोट घे. आपलं कुठलं, ते शोधायचं नाही. तुला कुठलं हवं, तेवढंच सांग."

ठमीने पहिल्या कपाला नाक मुरडलं. दुसरा नुसता हुंगला. तिसरा उचलला आणि घोट घेतला. मग दुसरा घोट. मग कप खाली न ठेवता तळापर्यंत प्यायली.

"हे," ती म्हणाली. "अजून आहे?"

रंगाऱ्याने आणखी ओतायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. आकडे घातलेच नव्हते. घंटेच्या गडबडीत कुठलं कशात ओतलं, काही केल्या आठवेना.

"कुठलं होतं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"खूण करायची राहिली."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही." त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला. "आई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला यातलं काही कळत नाही. दुधावरची साय मी तीन दिवस कचऱ्यात टाकली. पण तिला कळतंय. उद्या पुन्हा ओततो, आकडे घालून. नाही जमलं तर परवा. तिला विचारत राहीन. एवढंच मला येतं."

सासूबाईंनी ठमीचा रिकामा कप उचलून बघितला. मग म्हणाल्या, "माझी लेकही दुकानातून मला फोन करायची. आई, इतकी दुधं आहेत, कुठलं घेऊ?"

रंगारी चमकला. "मग तुम्ही काय सांगायचात?"

"काय सांगणार? मी बिनदुधाचा चहा पिणारी बाई. म्हणायचे, घे गं कुठलंही." त्यांनी पदराने नाक पुसलं.

म्हणजे ती रोज वेगळं आणायची? की एकच आणायची आणि उगाच विचारायची? त्याच्या डोक्यातला गुंता आणखीच वाढला, आणि आता तो सोडवून देणारं कोणी नव्हतं.

सासूबाईंनी उरलेल्यांतला एक कप उचलून चव घेतली. "हे पाणचट. हे नव्हतं." दुसरा उचलला. "हेही पाणचटच."

"आजी, ते दोन्ही वेगळे आहेत," ठमी म्हणाली. "तुला काहीच कळत नाही."

"नाही कळत बाई. तुझ्या बापासारखीच मी." त्यांनी कप ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि दाराशी जाऊन वळल्या. "उद्या आकडे घाला. कुठलं निघालं, ते सकाळी फोन करून सांगा."

"मी सांगतो."

"तुम्ही नको," सासूबाई म्हणाल्या. "ठमीला सांगू दे."