‘दुखत नाही’ असं चिकूने लिहिलं

सभागृहातल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. लोक भिंतींना टेकून उभे होते, पायऱ्यांवर दाटीवाटीने बसले होते, आणि सगळ्यांचे डोळे मंचावर खिळले होते. तिथे सहाएक वर्षांची एक मुलगी बसली होती. जन्मापासून एक शब्द न बोललेली. तिच्यासमोर स्टँडवर अक्षरांची पाटी होती आणि शेजारी ही सभा भरवणारे सर. सरांनी तिचं मनगट अलगद धरलं होतं आणि तिचं बोट टकाटक एकेका अक्षरावर पडत होतं. मागच्या मोठ्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसत होतं.

“बाबा, आईला रडवू नका,” सरांनी मखमली आवाजात वाचून दाखवलं.

तिचा बाप गॅरेजवाला होता, दरवाजाएवढा माणूस. तो मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागला. सभागृहात रुमाल निघाले. मुलगी मात्र छताच्या पंख्याकडे बघत होती. बोट अक्षरं शोधत होतं आणि ती पंखा बघत होती. ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आली नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या चष्मेवालीच्याही नाही.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. तिच्या मांडीवर तिचा चिकू होता. पाच वर्षांचा, स्वमग्न, बोलणं अजिबात नाही. त्या दिवसांत ती सरकारी इस्पितळातल्या पालकवर्गाला जात असे. तिथली वाचा-उपचार करणारी बाई रोखठोक होती. “जमिनीवर बसा. तो करतो ते करा. कमी बोला. मग थांबा. अजून थांबा,” असं सांगायची. चष्मेवालीने महिनोन्‌महिने थांबून पाहिलं होतं. चिकू ठोकळे ओळीने लावायचा, ती पण ठोकळे ओळीने लावायची. चमत्कार काही होत नव्हता.

आणि इथे तर मुलं वाक्यंच्या वाक्यं बोलत होती!

“तुमचं मूल मुकं नाही,” सर म्हणत. “तुम्ही बहिऱ्या आहात. मूल म्हणजे बंद पडलेला रेडिओ नव्हे, ते आकाशवाणी केंद्र आहे! फक्त एरियल हवी. ती एरियल म्हणजे आईचा हात.” असली वाक्यं ते पेरत आणि बाया माना डोलवत. बाहेरच्या व्हरांड्यात त्यांची मदतनीस चहा देत सगळ्यांची विचारपूस करी. घरी कोण, कोण कुणावर रागावतं, रात्री झोप लागते का. आतमध्ये गेल्यावर मुलांना नेमकं तेच बोलायचं असे. पण त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

चिकूची पाळी आली. सरांच्या हातातलं त्याचं बोट हललं: “आई, तू दमतेस ते मला दिसतं.”

त्यानंतर चष्मेवालीला कुणी काही पटवून द्यावं लागलं नाही.

पालकांच्या शिबिरात तिला मनगट धरायला शिकवलं. फार घट्ट नको, फार सैल नको, मन मोकळं ठेवा. पहिले काही दिवस नुसत्या रेघोट्या. मग एका संध्याकाळी घरच्या टेबलावर चिकूने तिच्या हातात मनगट देऊन पाटीवर लिहिलं, ‘तू जगातली सगळ्यात चांगली आई आहेस.’ तिने नवऱ्याला हाका मारमारून बोलावलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, कोणतीही गोष्ट उघडून आतली तार बघितल्याशिवाय मान्य न करणारा. पण तोही ते वाक्य वाचल्यावर नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसला.

पुढे चिकू कविता लिहू लागला. आत्याला शुभेच्छा देऊ लागला. आणि एक दिवस त्याने लिहिलं, ‘त्या इस्पितळातल्या बाईकडे मला नेऊ नकोस. ती मला लहान मूल समजते.’

“अगं, तो लहान मूलच आहे,” नवरा म्हणाला.

“तू त्याचा अपमान करू नकोस,” ती म्हणाली. इस्पितळातल्या वर्गाला जाणं बंद झालं.

पावसाळा सरता सरता चिकू जेवेनासा झाला. घास तोंडाजवळ नेला की किंचाळायचा. मग तो स्वतःच्या गालावर बुक्क्या मारू लागला, एकाच बाजूला, दणादण. भिंतीवर डोकं घासायचा. चष्मेवालीने त्याला टेबलाशी बसवलं. तो सुटायला बघत होता, अंगाला झटके देत होता. तिने मनगट धरून विचारलं, “चिकू, काही दुखतंय का रे?”

बोट पाटीवरून फिरलं. ‘दुखत नाही. आतली ऊर्जा मोकळी होते आहे.’

आदल्याच बैठकीत सरांनी हे सांगितलं होतं. मूल व्यक्त व्हायला लागलं की साठलेली ऊर्जा उसळते, घाबरून डॉक्टरकडे पळू नका.

“आपण डॉक्टरला दाखवू,” नवरा म्हणाला.

“त्याने स्वतः लिहिलंय दुखत नाही म्हणून!”

“पण तो गालावर मारून घेतोय गं.”

“तुझा त्याच्या शब्दावर विश्वास नाही. म्हणूनच तू मनगट धरलंस की तो लिहीत नाही.”

हे बोलणं नवऱ्याच्या जिव्हारी लागलं. त्याने डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही. आठवडे गेले. शेवटी चिकू तापाने फणफणला, गाल टम्म सुजला, डोळा अर्धा मिटला, तेव्हा नवऱ्याने त्याला उचललं आणि कुणाला न विचारता दातांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मेवाली मागोमाग धावली.

दुधाची दाढ मुळापासून सडली होती. खाली पू झाला होता, तो हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन दाढ काढली, पूचा निचरा केला आणि हात धुता धुता विचारलं, “किती दिवसांपासून होतं हे? मोठा माणूस गडबडा लोळला असता एवढ्या दुखण्याने. तुमच्या लक्षात कसं नाही आलं?”

“त्याने लिहिलं होतं,” चष्मेवाली म्हणाली. “दुखत नाही म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी पाच वर्षांच्या, आखडून झोपलेल्या त्या पोराकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“कुणी लिहिलं होतं?”

चष्मेवालीने आपल्या हाताकडे पाहिलं.

चार दिवसांनी ती दुकानात गेली. एक आजोबा गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला आले होते. तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणाले. अशी गिऱ्हाइकं तिच्या सवयीची. तिने काही न बोलता तक्ता उलटा लावला. आजोबांनी तीच अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा म्हणून दाखवली. एरवी ती हसली असती. आज ती दुकानातून लवकर निघाली.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “चिकूला आतल्या खोलीत ने. एक वस्तू दाखव. मला सांगू नकोस.”

नवऱ्याने काय ते ओळखलं. चिकूला आत नेलं, बाहेर आणलं. तिने मनगट धरलं. बोटाने लिहिलं, ‘चमचा’.

“बूट दाखवला होता,” नवरा हळूच म्हणाला.

“परत.”

या वेळी बाहेर येताना तो म्हणाला, “किल्ली दाखवली आहे.” ‘किल्ली’, बोटाने चटकन लिहिलं.

“मी खोटं बोललो. त्याला चेंडू दाखवला होता.”

ती पुन्हा ‘परत’ म्हणाली. पुन्हा. पुन्हा. अंधार पडेपर्यंत. तिला ठाऊक असेल तेवढंच चिकूला ठाऊक होतं. तिला ठाऊक नसेल ते चिकूला माहीत नव्हतं, मग ते त्याच्या नाकासमोर धरलेलं का असेना. शेवटी नवऱ्यानेच पाटी उचलून घेतली.

“म्हणजे कविता...” ती म्हणाली.

“राहू दे ना.”

“सगळ्यात चांगली आई... ते मीच...” ती हसायला लागली. नवऱ्याला ते हसणं ऐकवेना. तो चिकूला घेऊन गॅलरीत गेला.

पुढच्या सभेला ती चिकूला घेऊन पहिल्या रांगेत बसली. सर खूश झाले. शिबिरातली त्यांची ती सर्वांत हुशार पालक. त्यांनी तिला मंचावर बोलावलं.

“सर, चिकूच्या अंगातून परवा काहीतरी काढून टाकलं,” ती माइकमध्ये म्हणाली. “काय ते त्याला विचारता का?”

सरांनी मनगट धरलं, डोळे अर्धे मिटले. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘माझ्यातली भीती.’ टाळ्यांचा कडकडाट झाला.

चष्मेवालीने मूठ उघडली. कॅमेऱ्याने ती पडद्यावर दाखवली. काळी पडलेली, किडलेली दाढ.

टाळ्या विस्कटत थांबल्या. सर क्षणभरच अडखळले. “बघा, बघा!” ते म्हणाले. “दाढ हे बाहेरचं रूप. मूल मुळाबद्दल बोलतं. मूळ म्हणजे भीती! केवढी उपमा!”

आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या.

चष्मेवाली टाळ्या संपेपर्यंत थांबली. “सर, बोट चिकूचं, डोळे चिकूचे. तुम्ही नुसता आधार देता, हो ना? मग तुमचे डोळे बांधले तर काही बिघडणार नाही. लोकांनाही समजेल की तुम्ही लिहीत नाही.”

सर हसले. पाटी त्यांना तोंडपाठ होती, झोपेतही अक्षर चुकलं नसतं. “अवश्य,” ते म्हणाले. “सत्याला डोळे लागत नाहीत.”

तिने त्यांच्या डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधली. त्यांनी चाचपून पाटीच्या कडा बघितल्या आणि चिकूचं मनगट धरलं. मग चष्मेवालीने सगळ्यांसमोर पाटी स्टँडवरून उचलली, उलटी केली, वरची बाजू खाली, आणि तशीच ठेवून दिली. मदतनीस बाई ओरडायला उठली. गॅरेजवाल्याने आपला पंजा तिच्यापुढे धरला. “बघू दे मला,” तो म्हणाला.

“पाटी हलली का?” सरांनी विचारलं.

“पुसली, सर.”

“चिकू, बाळा, या सगळ्यांना काय सांगशील?”

बोट निघालं. झपाझप, बिनचूक आत्मविश्वासाने. पडद्यावर उमटलं: ढ, झ, ळ, ठ, ञ... चिकू पाटीकडे पाहतच नव्हता. तो सरांच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीकडे बघत होता.

“तो म्हणतो,” सर भारावून म्हणाले, “‘माझ्यावर विश्वास ठेवा.’”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. आणि ते हसू आवरेना. सरांनी ओढणी ओढून काढली, पाटी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची मखमल उतरली. “ही बाई मुलाचा छळ करते आहे!” ते किंचाळले.

“हो,” चष्मेवाली म्हणाली. “केला. मनगट धरणाऱ्या माणसाचा हात त्याच्या नकळत हलतो. मनात जे असतं तिकडे जातो. मी खोटं बोलत नव्हते, तुमच्यातलं कुणीच बोलत नाही. पण लिहीत आपणच होतो. माझ्या पोराच्या जबड्यात पू झाला होता, तो मला जिवाच्या आकांताने सांगत होता, आणि मी त्याचाच हात धरून ‘दुखत नाही’ असं लिहीत होते.”

तिला वाटलं होतं, लोक सरांना जाब विचारतील. तसं झालं नाही. पंखा बघणाऱ्या त्या मुलीची आई उठून तिच्यापुढे आली. “माझी मुलगी मला आई म्हणाली होती,” ती म्हणाली. “आयुष्यात एकदाच. ते तुम्ही घेतलंत.” आणि ती चष्मेवालीच्या तोंडावर थुंकली. गॅरेजवाला मुलीला उचलून कुणाकडे न बघता निघून गेला. दारात एक म्हातारी सासू सुनेला समजावत होती, “तिच्या पोराचं खोटं असेल. आपल्याचं खरं आहे.” सरांनी महिनाभरात दुसऱ्या भागात दुसरं सभागृह घेतलं. तेही भरतं म्हणे.

चष्मेवाली इस्पितळातल्या वर्गाला परत गेली. रोखठोक बाईने कसली विचारपूस केली नाही. “आलात? खाली बसा,” एवढंच म्हणाली. बाकीचे पालक सरकले. चिकूने ठोकळे ओळीने लावले, तिनेही लावले. ती थांबली. बऱ्याच वेळाने चिकू उठला, तिचं बोट धरून तिला बंद दारापाशी घेऊन गेला आणि तिचा हात कडीवर ठेवला.

“त्याला माझ्याजवळ थांबायचं नाहीये,” ती म्हणाली.

“नाही थांबायचं,” बाई म्हणाली. “त्याला बाहेर जायचंय. त्याने सांगितलं, तुम्हाला कळलं. आता दार उघडा.”

तिने दार उघडलं.

बाबांनो, मूल बोलत नाही याचा अर्थ ते काहीच सांगत नाही असा होत नाही. ते ओढतं, ढकलतं, रडतं, गालावर मारून घेतं. ते ऐकायला शिकवणारे वर्ग असतात. तिथे टाळ्या पडत नाहीत, पडद्यावर वाक्यं उमटत नाहीत, आणि कधीकधी वर्षभराच्या कष्टांनंतर मूल फक्त दार उघड म्हणतं. तिकडे जा. आणि कुणी तुमच्या मुलाच्या तोंडून तुम्हाला हवं ते गोड गोड ऐकवू लागला, तर रडण्याआधी एकच गोष्ट तपासा. त्या मुलाला ठाऊक असलेलं, पण त्या माणसाला ठाऊक नसलेलं काही तो मुलाच्या हातून सांगू शकतो का? नाही सांगू शकला, तर मुलाचा हात त्याच्या हातातून सोडवा आणि मुलाला आधी डॉक्टरला दाखवा.