मिठाच्या पुड्या

माझ्यासारख्या पत्ते वाटणाऱ्या डीलरविरुद्ध पोकर कसा खेळायचा, हे मी रोज सकाळी अकराला फुकट शिकवते. नेवाडाच्या वाळवंटात, नदीकाठी सात कॅसिनो असलेलं आमचं गाव. इथे म्हातारे बसा भरभरून येतात, आणि फुकट म्हटलं की जेवणाच्या रांगेतूनसुद्धा उठून येतात.

खेळ सोपा. आधी एक चिप, म्हणजे पैशांऐवजीची चकती, लावायची. तीन पत्ते तुम्हाला, तीन मला. आपले पत्ते बघायचे. बरे वाटले तर तेवढीच आणखी एक चिप लावायची, नाहीतर पत्ते टाकून पहिली सोडायची. माझ्याकडे निदान राणी नसेल तर माझा डावच धरत नाहीत: तुमची पहिली चिप दुप्पट, दुसरी तशीच परत. राणी असेल तर ज्याचे पत्ते वरचे तो जिंकला. तुमच्याकडे राणी-छक्का-चौका किंवा त्याहून वरचं असेल तर खेळा, नसेल तर टाका. एवढं पाळलं तरी शेवटी कॅसिनोच जिंकतो. फक्त जरा सावकाश.

यात मी करते काय? पत्ते यंत्र पिसतं, नियम टेबलाच्या कापडावर छापलेत. मी म्हणजे पगारी हात.

हे आमच्या टेबलांवरच्या साहेबाला, ड्वेन फ्रिटलरला कोण सांगणार? माझं टेबल तीन दिवस हरत होतं, तर या बाबाने जेवणघरातल्या पुड्या फोडून माझ्या टाचांमागे मीठ टाकलं. ज्या धंद्याची वीट न् वीट हिशेबावर उभी, त्याचा साहेब दृष्ट काढतो.

“आज टेबल हरलं, तर सोमवारपासून तू रात्रपाळीला, व्हर्ना.”

दिवसपाळी मिळायला मला नऊ वर्षं लागली. अंधारात गाडी चालवण्याइतकं मला दिसत नाही, आमच्या वस्तीला बस नाही. रात्रपाळी म्हणजे नोकरी गेली.

त्या दिवशी शिकवणीला नेब्रास्काचा निवृत्त बसचालक वेंडेल आला, सोबत बायको ओपल. सरावाच्या गुलाबी चिपांवर त्याला एकाच रंगाचे राजा, राणी, गुलाम आले. ड्वेनने ती टेबलाची हार म्हणून वहीत टिपून घेतली.

“अरे, या चिपा खोट्या आहेत,” मी म्हटलं.

“हात तुझाच ना? पनवती ती पनवती.”

“मग तूच वाट.”

मी टाळी वाजवली, हातात चिप लपवलेली नाही हे कळावं म्हणून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवले आणि बाजूला झाले. ड्वेन उभा राहिला. वेंडेलने खरे दोनशे डॉलर काढले. वीस मिनिटांत त्याने वर चारशे जिंकले. ड्वेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“उठा आता,” ओपल म्हणाली. “वॉशिंग मशीन आलं यात.”

“गप गं. डीलर गार पडलाय.”

“डीलर गार-गरम नसतो, काका,” मी साहेबासमोरच सांगितलं. “उठा. नाहीतर निदान राणी-छक्का-चौका पाळा.”

ड्वेनने माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. मग खिशातून पुडी काढली आणि स्वतःच्याच टाचांमागे रिकामी केली.

आता वेंडेल पत्ते न बघताच खेळू लागला. बघितलं की नशीब लाजतं, असं त्याच्या मेव्हण्याने सांगितलं होतं म्हणे. नहिल्यावर खेळला, अठ्ठ्यावर खेळला. पाऊण तासात चारशे गेले, पाठोपाठ घरून आणलेले दोनशेही गेले. ओपल एकटीच जेवायला निघून गेली.

“बघितलंस?” ड्वेन म्हणाला. “मीठ लागतं.”

“तो न बघता खेळला म्हणून हरला.”

“तुला या धंद्यातलं काही कळत नाही. टेबलाचा दोष उतरला. सोमवारी दिवसपाळीलाच ये.”

चौदा वर्षं पत्ते वाटले, हिशेब पाठ केला, आणि नोकरी वाचवली ती मिठाने. मी मान डोलावली.

वेंडेल उठता उठता माझ्या कानाशी आला. “बाई, त्या साहेबाने खाली काय टाकलं?”

“मीठ.”

“तरीच.”

दुसऱ्या दिवशी अकराला तो पहिल्याच खुर्चीत होता. सदऱ्याच्या खिशातून जेवणघरातल्या चार पुड्या डोकावत होत्या.

“राणी,” त्याने विचारलं, “आणि पुढे काय म्हणाला होतात?”